कोटाच्या खिशातला साक्षीदार

७ नोव्हेंबर

लिहा, स्टेनो. सुरुवातीला जरा भारदस्त वाटेल असं काहीतरी घाला. नाही घालणार? जे कानावर पडेल तेच लिहिणार? बरं. आयुष्यभर कोर्टात बसून लोकांचे जबाब उतरवलेत, चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नसेल. मला असाच माणूस हवा होता. मला स्वतःला अक्षर येत नाही, आणि घरातल्या कोणाला लिहायला बसवलं तर ते मध्येच नाक ओढायला लागतात.

ही वही दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंच्या सांगण्यावरून. मुलगी गेली त्याला वर्ष होत आलं आणि मी अजून रडले नाही, हे त्या बाईंना खटकतं. म्हणाल्या, रोज थोडं बोलत जा. मी म्हटलं, कोणाशी? नात ऑफिसात, आणि भिंतींना माझं सगळं पाठ झालंय. तेव्हा नातीने खालच्या मजल्यावरून स्टेनोंना पकडून आणलं. कोर्टातून निवृत्त झालेत, बायको लेकाकडे राहते, आणि ह्यांना दुपारी चहा लागतो. जमलं.

रडू येत नाही हे खरं आहे. दात काढायच्या आधी सुई देतात ना, गाल आपलाच, पण चिमटा काढला तर शेजारणीला लागल्यासारखा. तसं सगळं. फक्त दाताचं संध्याकाळपर्यंत उतरतं.

मुलगी क्ष-किरणांच्या खोलीत काम करायची. लोकांच्या छातीचे, हातापायांचे फोटो काढायची. "श्वास घ्या. धरा. सोडा." दिवसभर एवढंच बोलायची, आणि मी घरी चिडले की मलाही तेच ऐकवायची. ती गेल्यापासून वाटतं, "धरा" म्हणून कोणीतरी काचेमागे गेलंय आणि परत यायचं विसरलंय.

लिहिलंत? मग आता नातीचं. ती सरकारी नोकरीत लागलीय. किरणोत्सर्ग सुरक्षा विभाग, कनिष्ठ निरीक्षक. हे तोंडात बसायला मला बरेच दिवस लागले. सध्या परिवीक्षा चालू आहे, म्हणजे वर्षभर नीट वागून दाखवायचं, मग कायम करतात. लग्नात ही सोय असायला हवी होती.

आईच्या उशाशी बसून तिने ह्या परीक्षेचा अभ्यास केला. मुलाखतीत विचारलं म्हणे, हीच नोकरी का? ही म्हणाली, "माझी आई दाराच्या आत असायची. ते दार नीट लागतं की नाही हे बघायला कोणी यायचं नाही." आईच्या आजाराचा त्या किरणांशी काही संबंध नव्हता, हेही ती सांगते. कोणी विचारलेलं नसतानाही सांगते.

मी तिला मापाडी म्हणते. चहात दूध किती, दार बंद होताना फट किती, सगळं मापून बघते.

१२ नोव्हेंबर

मापाडीने आज मला तिचं काम समजावलं. यंत्र घेऊन दवाखान्या-दवाखान्यात जायचं, फोटो काढताना किरण भिंतीबाहेर येतात का ते मोजायचं. दारावरचा लाल दिवा लागतो का बघायचं. शिशाचा अंगरखा असतो, तो टांगलाय की घडी घालून ठेवलाय ते बघायचं. घडी घातली की आतून चिरा पडतात, वरून काही दिसत नाही.

मी म्हटलं, "म्हणजे घरोघर जाऊन चुका काढायच्या. ह्यासाठी परीक्षा कशाला? आपल्यात उपजत असतं ते."

तिच्या कोटाच्या छातीच्या खिशाला एक बिल्ला असतो, काडेपेटीएवढा. मला वाटलं कवच आहे.

"कवच नाही गं. हा काही अडवत नाही. माझ्या अंगावर किती आलं ते नुसतं बघतो आणि लक्षात ठेवतो."

"मग स्टेनोंसारखाच की."

दर तिमाहीला बिल्ले प्रयोगशाळेत जातात आणि तिथे ते काय बघितलं ते सांगतात. बिल्ला घरी आणायचा नसतो, ऑफिसातल्या फळीवर टांगून यायचं. त्या फळीवर एक बिल्ला कोणाचाच नाही. तो कधी बाहेर जात नाही, नुसता टांगलेला असतो, बाकीच्यांची तुलना करायला.

"मग त्याचं काम काय?"

"त्याला काही होऊ न देणं, हेच काम."

मला तो बिल्ला आवडला.

तिच्या खात्याची तीन सूत्रं आहेत. वेळ, अंतर, आडोसा. थोडाच वेळ थांबा, लांब उभे राहा, मध्ये भिंत ठेवा. मोठ्या जावेशी मी जन्मभर ह्याच तीन सूत्रांनी वागले, पण मला कोणी बिल्ला दिला नाही.

२० नोव्हेंबर

गुडघा दुखतोय, आणि पाठ. पाठीचं मी बोलत नाही, एका वेळी एकच तक्रार केली की लोक ऐकतात. डॉक्टरांनी मागे रक्त घेतलं होतं, आज परत बोलावलं. नातीला आत घेतलं, मला बाहेर बाकावर. दुखणं माझं आणि मानपान तिला.

बाहेर आली आणि दाराजवळच्या कुंडीतलं झाड बघत उभी राहिली. म्हटलं, "हे पण मापणार का?" तर म्हणाली, "आजी, गुडघ्यासाठी एक फोटो काढायचाय. जरा मोठा. सगळ्या अंगाचा."

गुडघ्यासाठी सगळ्या अंगाचा. एक खिडकी बिघडली तर हल्ली सगळी इमारत बघतात वाटतं.

२७ नोव्हेंबर

काही नाही. स्टेनो म्हणतात, काही नाही असं म्हटलं तर तेही लिहावं लागतं.

३ डिसेंबर

नात उशिरा आली. मंडईमागच्या गल्लीत एका जुन्या दवाखान्याची तपासणी होती. तिथली क्ष-किरणांची खोली एकच माणूस चालवतो, फार उंच आहे म्हणे, दारातून वाकून येतो. ती त्याला लंबू म्हणते. लाल दिवा गेलेला आणि अंगरखा घडी घालून कपाटात, म्हणून तिने दोन शेरे मारले. लंबूने स्टूल न घेता, हात वर करून दिवा काढला आणि जाऊन नवीन घेऊन आला.

"आई अशीच होती," ती म्हणाली. आईबद्दल ती आपणहून बोलली, ह्याला बरेच दिवस झाले.

तिथून ती परस्पर घरी आली. कोट काढताना लक्षात आलं, बिल्ला खिशालाच राहिला. जीभ चावली तिने. उद्या तिची सुट्टी, मला फोटोला न्यायचंय. परवा नेऊन टांगते म्हणाली. कोट दाराजवळच्या खुंटीवर अडकवला.

५ डिसेंबर

काल तो मोठा फोटो झाला.

आधी हाताला सुई. ते औषध शिशाच्या डब्यातून आणलं, सुईवरसुद्धा जड टोपण. मला वाटलं दागिना निघतोय. ते हाडांत जाऊन बसतं आणि आतून उजेड पाडतं, असं नात म्हणाली. मग नुसतं बसवून ठेवलं आणि पाणी पाजत राहिले. मग आडवं केलं, आणि एक भलीमोठी पाटी वरून नाकापर्यंत आली.

मी यंत्र चालवणाऱ्या माणसाला विचारलं, "श्वास कधी धरायचा?"

"धरायचा नाही आजी. ह्याला श्वास चालतो. फक्त हलू नका."

मी जरा हिरमुसले. तयारीत गेले होते.

झाल्यावर त्या माणसाने नातीला काचेच्या खोलीत बोलावलं. ती माझ्याकडे पाठ करून उभी होती. तो पडद्यावर बोटाने काहीतरी दाखवत होता, इथे, इथे, इथे. गुडघ्यापर्यंत बोट यायला फारच वेळ लागला. बाहेर येऊन ती माझ्या चपलेचा पट्टा लावायला खाली बसली. साधा पट्टा, पण तिला लागेना. मी म्हटलं, "निरीक्षक बाई, सोडा, मी लावते." तरी उठली नाही.

निघताना तो माणूस म्हणाला, "आजचा दिवस लहान बाळं आणि गरोदर बायकांपासून लांब राहा." मी म्हटलं, माझ्याकडे दोन्ही फिरकत नाहीत.

घरी आल्यावर मापाडीने खुर्ची उचलली आणि पार खिडकीपाशी नेली. माझ्याकडे पाठ.

"अगं, मी काय पेटलेय का?"

"नियम आहे, आजी. अंतर."

"बोलायलासुद्धा?"

जेवलीही तिथेच, ताट मांडीवर घेऊन. एरवी माझ्या शेजारी झोपते, काल आतल्या खोलीत गेली आणि दार लावलं. आडोसा. वेळही झाला, अंतरही झालं. एकदम तिन्ही सूत्रं माझ्यावर. एवढी हुशार नात पदरात पडली की हे भोगावं लागतं.

स्टेनो, पुढचं लिहा, पण तिला दाखवायचं नाही. मला थंडी वाजत होती. पांघरूण होतं, थंडी वेगळी होती. उठून खुंटीवरचा तिचा कोट काढला आणि पांघरुणात कुशीत घेऊन झोपले. कॉलरला तिच्या साबणाचा वास येतो. तिची आईही हाच साबण वापरायची. छातीला रात्रभर काहीतरी टोचत होतं, खिशातलं, पेन असेल. मी हललेसुद्धा नाही. सकाळी ती उठायच्या आत कोट परत टांगला, हाताने सुरकुत्या काढल्या. म्हातारी कोट घेऊन झोपते हे कळलं तर ती जन्मभर चिडवेल.

पेन का थांबलं? लिहा, लिहा. चहा येतोय.

१४ डिसेंबर

मुलगा आला होता. नातीचा मामा. लांबच्या शहरात असतो, एरवी महिन्यातून एकदा फोन करतो आणि फोनवरही दुसऱ्या कोणाशी तरी बोलत असतो. हल्ली रोज करतो. काल अचानक दारात, म्हणे सहजच. हा सहज येणारा प्राणी नाही. माझ्यासाठी मऊ गादी आणली. पाय चेपले.

मी विचारलं, "नोकरी गेली का रे?"

"नाही गं आई."

"मग बायकोशी भांडलास?"

"आई, मी आपला असाच आलो."

स्वयंपाकघरात मामा-भाची बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. मी खोकले की थांबायचे. मग मी उगीच दोनदा जास्त खोकले.

गुडघ्याच्या नव्या गोळ्या सुरू झाल्यात. सकाळी एक, रात्री एक. रात्रीची चांगली आहे, काहीच वाटत नाही. तसं गोळीशिवायही वाटत नव्हतं, पण आता चिठ्ठी आहे.

९ जानेवारी

वर्षश्राद्धासारखं काही केलं नाही. मुलीचा फोटो पुसला. नातीने खुर्ची परत माझ्याजवळ आणलीय, पण अजून पूर्ण जवळ नाही. मध्ये एक पाट मावेल एवढी जागा.

२८ जानेवारी

आज जरा जास्त लिहावं लागेल, स्टेनो.

बिल्ले प्रयोगशाळेतून आले. सगळ्यांचे कोरे, मापाडीचा भरलेला. एका तिमाहीत जितकं यायला नको त्याच्या कितीतरी पट. तिला वरिष्ठांनी बोलावून विचारलं, कुठे घेतलंस हे? तिला सांगता येईना. प्रत्येक भेटीचा हिशोब तिच्याकडे आहे, कुठे किती पावलं लांब उभी होती ते सुद्धा. कुठेच काही चुकलेलं नाही.

आता दोनच शक्यता, असं ते म्हणतात. एक तर हिने निष्काळजीपणा केला आणि लपवतेय, मग परिवीक्षा संपवून घरी पाठवतील, आणि ह्या खात्याचं दार पुन्हा उघडत नाही. नाहीतर जिथे ती गेली तिथल्या कुठल्यातरी खोलीतून किरण गळतायत. लाल दिवा नसलेली खोली एकच होती, लंबूची. म्हणून लंबूच्या खोलीला टाळं लावलंय, चौकशी होईपर्यंत. तो घरी बसलाय.

नात हे सगळं दुसऱ्या कोणाची बातमी सांगावी तसं सांगत होती. वाटीत भात कालवत होती, खात नव्हती. मी म्हटलं, "रड की जरा." म्हणाली, "तू रडतेस का?" विषय मिटला.

३१ जानेवारी

दोन दिवस झाले, ही घरात तपासण्या करतेय. खुर्ची म्हणजे यंत्र, माझा पलंग म्हणजे भिंत. इथे उभी होते, मग दार लावलं, मग बाहेर आले. परत इथे उभी होते. मला रोगी केलंय. मी आडवी पडून म्हणते, "श्वास धरू का?" तर म्हणते, "आजी, प्लीज."

आज संध्याकाळी तो कोट अंगात घालून दारात नुसती उभी राहिली. बिल्ल्याच्या जागेवर हात ठेवून. तिला जरा हसवावं म्हणून मी म्हटलं, "एवढा विचार कशाला? माझ्यासारखा कोट कुशीत घेऊन झोप एक रात्र. उबदार आहे. फक्त खिशातलं पेन काढून ठेव, टोचतं."

"कुठला कोट?"

"हाच. आणखी किती आहेत?"

"कधी?"

मग सांगावंच लागलं. मोठ्या फोटोच्या रात्री. चिडवेल म्हणून तोंड तयार ठेवलं होतं. पण ती खाली जमिनीवर बसली.

"खिसा आतल्या बाजूला होता की बाहेरच्या?"

"आतल्या. छातीशी."

"रात्रभर?"

"नाही, मध्ये बाजारात जाऊन आले. रात्रभरच की."

तिने माझ्या छातीवर हात ठेवला, जिथे बिल्ला असेल तिथे, आणि तसाच ठेवला. मग म्हणाली, "तू माझ्याजवळ का नाही आलीस, आजी?"

"तूच म्हणालीस अंतर."

मला मग कळलं ते असं. सुईतलं औषध माझ्या हाडांतून बाहेर उजेड पाडत होतं, आणि तो बिल्ला रात्रभर मलाच बघत बसला. पेन नव्हतं ते.

मी म्हटलं, "चला, सापडलं. जा आणि सांग, माझी आजी गळतेय."

ती हसली नाही. सुटल्यासारखी तर मुळीच दिसली नाही. खिडकीपाशी गेली. "बघू," म्हणाली.

४ फेब्रुवारी

अजून सांगितलेलं नाही. मला समजत नाही. हातात कारण आहे, खरं आहे, फुकट आहे.

शेवटी मी विचारलं, "बिल्ला घरी आणला म्हणून भीती वाटते का?"

"त्याची ताकीद मिळेल. ते चालेल."

"मग मला तिथे न्यायची लाज वाटते? म्हातारी अडाणी आहे, काहीतरी बोलेल?"

"तसं नाही गं."

"मग कसं गं?"

"ते तुझा जबाब घेतील. फोटो का काढला विचारतील. दवाखान्याला विचारतील, किती औषध दिलं, कशासाठी दिलं."

"मग सांगू की. गुडघा."

ती बोटाने टेबलावरचा डाग पुसत होती. तो डाग लाकडातलाच आहे, आम्ही घर घेतलं तेव्हापासूनचा.

"नोकरी गेली तर दुसरी बघेन," ती म्हणाली. "तुला तिथे बसवून विचारत बसलेले मला नको आहेत."

मी म्हटलं, "तुझी झाली. आणि लंबूची? त्याने दिवासुद्धा लावला. आता तो अंधारात आणि दिवाही अंधारात. तुझी आई त्या दाराच्या आत असती, आणि कुठल्यातरी निरीक्षकीणबाई आजीची लाज वाटते म्हणून गप्प बसल्या असत्या, तर?"

"लाज नाही, म्हटलं ना."

"मग जे काय आहे ते."

मग म्हणाली, "उद्या सांगते." आणि माझ्या गोळीची वेळ झाली म्हणून उठली. वेळ झाली नव्हती.

स्टेनो, तुम्ही आज चहा अर्धाच घेतलात. साखर जास्त झाली का?

११ फेब्रुवारी

काल मला तिच्या ऑफिसात नेलं. जिना नाही, लिफ्ट आहे, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी एवढी नवी काठी घेतली नसती.

जाताना बिल्ल्यांची फळी बघितली. कोणाचाच नसलेला तो बिल्ला शेवटच्या खिळ्याला होता. बरा दिसतो. धूळ बसलीय.

चौकशी करणारे साहेब वयाने मोठे, चष्म्याला गळ्यातली दोरी. मी मनात चष्मादोरी नाव ठेवलं. माणूस सभ्य, मला आधी पाणी विचारलं. शेजारी एक लिहिणारा होता. मी त्याला सांगितलं, आमच्याकडे ह्याहून चांगला आहे.

मी सगळं सांगितलं. फोटो, खुर्ची खिडकीपाशी, थंडी, साबणाचा वास. चष्मादोरीने विचारलं, "साबणाचा वास कशाला सांगताय, आजी?" मी म्हटलं, "त्याच्याशिवाय मी कोट काढला नसता. तुम्ही कारण विचारलंत." त्यांनी लिहिणाऱ्याला खूण केली, लिहा.

मग विचारलं, "तपासणी कशासाठी होती?"

मी म्हटलं, "गुडघ्यासाठी."

साहेबांनी नातीकडे बघितलं. नातीने भिंतीवरच्या घड्याळाकडे. साहेबांपुढे दवाखान्याकडून आलेला कागद होता, तो त्यांनी लिहिणाऱ्याकडे सरकवला, आणि लिहिणाऱ्याने त्यात बघून काहीतरी उतरवलं.

ज्याला वाचता येत नाही त्याचा जबाब त्याला वाचून दाखवावा लागतो, नाहीतर अंगठा चालत नाही. स्टेनो, हे तुम्ही मला सांगितलं होतंत. चष्मादोरी स्वतः वाचायला बसले. एकेका ओळीवर बोट ठेवून, मला कळावं म्हणून. मला अक्षर कळत नाही, पण बोट कळतं. एक ओळ बोट, एक ओळ आवाज. चांगलं चाललं होतं. साबण आला, थंडी आली. मग ते थांबले, पाणी प्याले. पुन्हा बोट ठेवलं आणि वाचलं, "सदर तपासणी गुडघेदुखीसाठी केली होती."

आवाज तेवढाच. बोट मात्र दोन ओळी चाललं, सावकाश, आणि तिसऱ्या ओळीवर येऊन थांबलं.

मी काही विचारलं नाही. सभ्य माणूस आहे. नातीने माझी काठी घट्ट धरली होती, जणू तिलाच चालायचंय.

"मान्य आहे ना, आजी?"

"मान्य आहे," मी म्हटलं. "सगळं मान्य आहे."

लिहिणाऱ्याने शाईची डबी पुढे केली. माझा अंगठा धरून कागदावर टेकवला. ठसा फिसकटेल म्हणून त्याने वरून बोट ठेवलं आणि म्हणाला, "दाबा, आजी. असाच धरा." धरला. आणि मग, "सोडा आता."

मी सोडला. अंगठाही सोडला आणि दुसरंही काहीतरी सुटलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. वाईट वाटतंय असं अजूनही काही वाटत नव्हतं, नुसतं पाणी. मी म्हटलं, शाई उग्र आहे. चष्मादोरी म्हणाले, हो, आमची शाई जरा उग्रच आहे.

रिक्षात नातीने माझा अंगठा तिच्या रुमालाने पुसला. गेला नाही रंग. आजही आहे, बघा.

२२ फेब्रुवारी

निकाल लागला. बिल्ल्यावरचं माप नातीच्या नावावरून काढलं, ते तिचं नव्हतं असं ठरलं. लंबूची खोली उघडली. ती स्वतः गेली होती टाळं काढायला. लंबू म्हणाला, "दिवा चालू आहे, बघून घ्या." तिने बघितला. अंगरखाही टांगलेला होता. त्याने तिला बसायला स्टूल दिलं, आणि ती बसली म्हणे बराच वेळ. निरीक्षकांनी असं बसायचं नसतं.

बिल्ला घरी नेला म्हणून लेखी ताकीद. आणि परिवीक्षा वाढवली. घरी येऊन मला म्हणाली, "कायम करायला अजून सहा महिने, आजी." माझ्याकडे न बघता.

मी म्हटलं, "बरं. थांबते."

ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला. घासायला एकही भांडं नव्हतं. पाणी वाहत राहिलं, मी वाहू दिलं. बाहेर आली तेव्हा खुर्ची उचलून थेट माझ्या पलंगाला टेकवली. मी विचारलं, "आणि अंतर?" म्हणाली, "सरक जरा." खुर्चीत नाही बसली मग. कोट घालूनच शेजारी आडवी झाली. बिल्ला नव्हता, आधी बघितलं मी. जागेवर टांगून आली होती.

आता पेन खाली ठेवा, स्टेनो. नाही, आज वाचून दाखवायला नको. मला माहीत आहे त्यात काय लिहिलंय.